सात आठे किती

अण्णा, उद्या आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार आहेत आणि सकाळपासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या बाबतीत भांडायला दुसरं आहे कोण? मीही आता मास्तरीण आहे, इथंच लष्कर भागात, मुलींच्या शाळेत. दुसरीला गणित शिकवते. पाढे पोरींकडून घरी पाठ करून घेतलेले असतातच, म्हणून वर्गात वर्षभर मी चिंचोक्यांचे ढीग करून मोजायलाच लावलं. सुरुवातीला एकीनं तोंड वाकडं करून सांगितलं, "बाई, इसमें तो गाना ही नहीं है." आज मोठ्या बाईंनी बोलावून बजावलं की उद्या पोरी एका सुरात पाढे म्हणतील, साहेब मान डोलावतील आणि जातील, पाढ्यातलं मधलंच काही विचारायचं नाही, उगाच आ बैल मुझे मार कशाला. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

तुमचा तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. इंदरगंजापलीकडची मुलांची शाळा, आणि मी तुमची मुलगी म्हणून मागच्या रांगेत बसवून घेतलेली. पाढे असे रंगलेत की शेजारचे मास्तर दारात येऊन उभे आहेत. साहेब खूश होऊन निघालेच आहेत, आणि तुम्ही म्हणता, "साहेब, जरा थांबा. यांना गणित येत नाही." पुढच्या मुलाला विचारता, सात आठे किती. तो बिचारा सात एके सातपासून निघतो, मध्येच अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझेही ओठ तिथूनच हलतायत. लहानग्यांना आधी मोजू द्या, सूर नंतर, एवढंच तुम्हाला दाखवायचं होतं. हेडमास्तर ऐकेनात म्हणून थेट साहेबांपुढे मांडलंत. साहेब हसले. म्हणाले, "म्हणजे तुम्ही काही शिकवलंच नाही, हे तुम्हीच सांगताय." थोड्याच दिवसांत चंबळेकडच्या खेड्यात बदली झाली.

तिथं आईला ताप आला. वैद्य आणायला बैलगाडी गेली, ती परत येईपर्यंत आई गेलेली होती. मग चूल माझ्याकडे आली. एकदा पोळ्या लाटता लाटता मी विचारलंच, त्या दिवशी गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? तुम्ही ताट जरा बाजूला सारलंत. "पोरांना येत नव्हतं, ते मला दिसत होतं," म्हणालात, आणि पुन्हा जेवायला लागलात. तेव्हा अस्सा संताप आला होता मला!

आज शाळा सुटताना मी तोच प्रश्न वर्गाला विचारला. तिघी-चौघींनी चटकन छप्पन्न सांगितलं. बाकीच्या आढ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे ओठ हलायला लागले. घंटा झाली म्हणून सुटले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही, सारखी आत-बाहेर करते आहे.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणूनच लिहिते. मोठ्या बाईंना वाटतं मी नोकरीसाठी घाबरले. नोकरी गेली तर शिकवण्या करीन. पण उद्या मी विचारलं आणि तुमच्या रीतीनं आधी मोजायला शिकवूनही माझ्या पोरी गप्प राहिल्या, तर तुमचंच चुकलं होतं असं ठरेल. मग आई कशापायी गेली, हे तुम्हाला विचारावं लागेल. आणि अण्णा, तुमच्याशिवाय मला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते मी आजवर विचारलेलं नाही.