नवरीच्या आईचा चेहरा

६ जानेवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. हे जाऊन अजून वर्षही झालं नाही, पण बाबांनी ठरवलेली लग्नाची तारीख मोडायची नाही, असं चिमीचं म्हणणं. मी हो म्हटलं.

फोटोग्राफर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे चढवते, म्हणून मला चेहऱ्यातलं कळतं, असा लेकीचा शोध! पहिला आला तो निवडक फोटो घेऊन. दर लग्नात नवरा-नवरी सूर्यास्ताकडे बघतायत. मी म्हटलं, एकाच लग्नाचे सगळेच्या सगळे दाखवा, काही गाळू नका. त्याचं तोंडच उतरलं. दुसऱ्याने दाखवले, त्यात मी फक्त नवरीच्या आईला बघत बसले. तिला असं हसवलंय की दात मोजून घ्यावेत.

खरं सांगू? मला काहीच वाटत नाहीये गं. रडू नाही, आनंद नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो ना, तशी सगळीच झालेय. हा असला चेहरा चिमीच्या अल्बममध्ये जन्मभर राहणार, याची धास्ती वाटते. म्हणून ठरवलंय, मी फोटोत येणारच नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी,
छोटी

१४ जानेवारी

चि. छोटीस,

अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा. नवरीची आईच फोटोत नाही म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं, पोरीने पळून जाऊन केलं? तुझे भाऊजी आमच्या लग्नाच्या फोटोत असे दिसतात की कुणालाही वाटावं, पकडून आणलंय. तरी आहेच ना तो अल्बम कपाटात!

तू माणूस बघून ठरव, कॅमेरा बघून नको. आणि मला लिहिलंस ते सगळं त्यालाही सरळ सांगून टाक. दिवसभर आपल्या तोंडाकडे बघणाऱ्यापासून काय लपवणार आहेस? जेवतेस का नीट? मला तुझी काळजी वाटते, ती तेवढी हसण्यावारी नेऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, पत्राची वाट बघते.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि. फोटोग्राफर मिळाली एकदाची. बाई आहे. आवाज घोगरा, बोलणं तुटक. तिने एक अख्खं लग्न माझ्यापुढे ठेवलं. त्यातली आई कुठे खुर्ची सरकवतेय, कुठे लेकीच्या बाहीचा दोरा दाताने तोडतेय. हसून उभी अशी कुठेच नाही.

तुझं ऐकलं. सांगितलं की मला आतून काही वाटत नाही, हसा म्हणू नका. तिने मान हलवली. म्हणाली, नका हसू, हात कामात ठेवा, बाकीचं मी बघते. फक्त सगळ्यांचे एकत्र फोटो जेवणाआधी उरकायचे, आणि माणसं गोळा करायला घरातलंच कुणीतरी खणखणीत आवाजाचं द्यायचं. मी लगेच तुझं नाव सांगून मोकळी झाले. आता सुटका नाही.

लोभ ठेव, घसा जप.

तुझी,
छोटी

२१ मार्च

ति. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या आवाजाची फोटोग्राफरबाई अजून आठवण काढते. नवऱ्या मुलाचा मामा समजून तू हॉलच्या मॅनेजरला रांगेत उभं केलंस, तोही फोटोत आलाय. घरच्यासारखा हसतोय.

काल फोटो आले, एकही न गाळता. दुकानातून आल्यावर टेबलावर पसरले आणि आधी स्वतःलाच शोधलं. भीती होती तसाच चेहरा. लग्नाच्या रजिस्टरवर सह्यांच्या वेळी लाकूड, जेवताना लाकूड. बाईंनी काही झाकलं नाही. मलाही त्याचं फारसं काही वाटलं नाही.

मग चिमीचे बघायला घेतले. सही करताना तिची मान वळलेली. जावई कानात काहीतरी सांगतायत, तर हिचं लक्ष भलतीकडेच. मैत्रिणी नाचतायत आणि ही त्यांच्या खांद्यांवरून बघतेय. मला वाटलं, त्या बाजूला घड्याळ असेल. मग एकात दाराशी मी दिसले, खुर्च्या एकावर एक रचताना. पुन्हा पहिल्यापासून बघितले. ताई, पोर दिवसभर माझ्याकडे बघत होती. स्वतःच्या लग्नात!

तिला फोन लावला, विचारलं, का गं असं? आधी काही नाही, काही नाही करत राहिली. मग म्हणाली की बाबा गेल्यापासून मी अशी, त्यात आता तीही घरातून निघाली. एखाद्या सकाळी मी उठणारच नाही असं तिला वाटतं. अजूनही रोज ती दुकानात फोन करते आणि आई आली का, एवढं मालकांना विचारून ठेवून देते. मला कळू द्यायचं नाही म्हणून त्यांना बजावलंय.

मी रडले गं. हुंदके देऊन, फोन कानाला धरून. हे गेले तेव्हासुद्धा अशी रडले नव्हते. तीही रडली. चूक तिची नाही, माझी पण नाही, पण जीव फार तुटला.

आज सकाळी तिचा फोन दुकानात जायच्या आत मीच तिला केला. उठलेय, चहा घेतलाय, निघालेय, एवढंच सांगितलं.

लोभ आहे, तो असाच राहो.

तुझी,
छोटी