चौथा खांदा

अकोला,
फेब्रुवारी १९६६

प्रिय श्रावणदादा,

सप्रेम जयभीम. हे पत्र शेवटापर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चंद्रभानचं नाव दिसलं की तू उठून बैलांकडे जाशील. बैल कुठं पळून जात नाहीत. दोन वर्षं झाली, तू आपल्या पोराचं नाव घरात काढू देत नाहीस. पण रविवारी मी त्याचा कार्यक्रम पाहून आले आणि माझे कान अजून घुमताहेत. सोमवारी वर्गात मुली पाढे म्हणत होत्या, ते मला धड ऐकूही आले नाहीत.

कार्यक्रम कापसाच्या जिनाच्या मागच्या पटांगणात होता. उन्हं कलली तशी माणसं जमली. शेजारच्या पार्बताबाईला मी बुद्धाची गाणी आहेत असं सांगून नेलं होतं. दोन बैलगाड्या जोडून मंच केलेला, निंबाला भोंगे बांधलेले. मंचावर जिनात काम करणारी सात-आठ पोरं चढली. अर्ध्या तोंडाला काजळी, अर्ध्याला चुना, अंगात तेच तेलकट कपडे. एकानं तोंडात रॉकेल घेऊन मशालीवर फुंकलं, तशा पुढच्या बाया लेकरं उचलून मागं सरकल्या. आणि मग वाजायला लागलं. दादा, त्यात चामड्याचं एकही वाद्य नव्हतं. हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

टांगलेला रुळाचा तुकडा, जिनाचं मोडकं दातेरी चाक, डांबराची रिकामी पिंपं, कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या. सगळं भंगार, आणि मधोमध तुझा चंद्रभान, दोन्ही हातांत नट आवळायचे पाने घेऊन. रुळावर घण पडला की छातीत धस्स व्हायचं. पट्ट्या झणझणल्या की दात शिवशिवायचे. पार्बताबाई माझ्या कानाशी ओरडली, "बाई, हे गानं हाय का जीन फुटली?" तिनं पदरानं कान झाकले, पण पाय तिचेच आधी हलायला लागले. मग मीही मास्तरीण असल्याचं विसरले. इतकं रांगडं आणि इतकं नेमकं वाजवणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ऐकलं होतं. तुझं.

दहा वर्षांपूर्वी नागपूरहून दीक्षा घेऊन आलास आणि दुसऱ्याच दिवशी तू डफडं नदीत सोडलंस. मी काठावर उभी होते. पाच गावांत तुझ्यासारखा हात नव्हता, आणि त्या हाताला मिळायचं काय, तर लग्नाच्या मांडवाबाहेर उष्टं. गावातल्या प्रत्येक तिरडीपुढं तू वाजवत चालायचास, पण तिरडीला बोट लावायची तुला मनाई. पाटलाच्या घरी मयत झाली तेव्हा खांदा द्यायला माणूस कमी पडला, तू पुढं झालास, तर तुला काठीनं मागं सारलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तू जेवला नव्हतास. म्हणून डफडं सोडलंस ते बरंच केलंस. तेव्हाही मला तसंच वाटलं होतं, आजही वाटतं.

चंद्रभान मात्र लहानपणापासून तगारी म्हणू नको, पिंप म्हणू नको, हाताला लागेल ते बडवायचा आणि तुझा मार खायचा. पुढं तो जिनात लागला. तिवस्याच्या बाजारात कुणीतरी तुला सांगितलं की तुझा पोरगा अकोल्यात पुन्हा लोकांच्या दारी वाजवतो. तू शहानिशा केली नाहीस. त्याला निरोप धाडलास, "मले तू मेला." दादा, तो कुणाच्या दारी जात नाही. लोक त्याच्या पटांगणात येतात आणि समोर मातीत बसून ऐकतात. कातड्याला तो हात लावत नाही, कारण तू सोडलंस ते त्यानंही सोडलं. हात तेवढे सोडता आले नाहीत. ते तुझेच आहेत, तो तरी काय करणार?

शेवटी वाजवणं एकदम थांबलं आणि मंचामागून तिरडी आणली. खरीखुरी, बांबूची, पांढऱ्या कापडाखाली माणूस निजलेला. तिघांनी तीन कोपरे धरले, चौथा मोकळा. त्यांची रीतच आहे, चौथा खांदा पाहणाऱ्यांतल्या कुणी द्यायचा. जिवंत माणसाच्या तिरडीला कोण हात लावणार? कुणी उठेना. पार्बताबाईनं माझं लुगडं घट्ट धरून ठेवलं होतं. तरी मी उठले आणि खांदा दिला. बाईमाणसानं खांदा दिला म्हणून मागं कुजबुज झाली, होऊ दे. पटांगणाला फेरी घालताना मला कापडाखालून बांबूवर बोटं वाजल्यासारखी वाटली. हलकेच, फक्त मला ऐकू येईल इतकी. तिरडीपुढं चालताना तू धरायचास तोच ठेका. मग माझ्यानं रडू आवरलं नाही. तिरडी टेकवली, घण पडला आणि तुझा पोरगा कापड फाडून ताठ उभा राहिला. "मी मेलो म्हनून तुमाले कोनं सांगतलं?" त्यावर जे काही लोखंड वाजलं, ते अख्ख्या अकोल्यानं ऐकलं असेल.

नंतर तोंड धुऊन तो माझ्याजवळ येऊन बसला. पंचफुलावहिनीचा गुडघा कसा आहे ते विचारलं, तुझं काही विचारलं नाही. उठताना म्हणाला, "आत्या, पुढच्या महिन्यात पौर्णिमेले तिवस्याच्या बाजारात कार्यक्रम हाय. तिथं चौथा खांदा दुसऱ्या कोनाले देऊ देनार नाही. बाप आला तर तिरडी उठन, नाहीतर मी पडून राहीन." तो हट्टी आहे, तुझ्यावरच गेलाय. खरंच पडून राहील. वहिनीला घेऊन ये, पुढं बस, कान झाकायला उपरणं आण. मेला म्हणालास ना त्याला, मग खांदा तरी दे. या तिरडीला कुणी तुला मागं सारणार नाही. आणि एकदा खाली टेकवलीस की पुढचं तो बघून घेईल.

तिवस्याच्या मोटारस्टँडवर तुझी वाट पाहणारी,
तुझीच
शकुन