देवघरातल्या बरणीतली माती

औसा

ति. रत्नम्माअक्कास, शिवकन्येचा शरणार्थ.

तुझे गुडघे कसे आहेत? भोकरला थंडी जास्त, म्हणून आधी तेच विचारते. (दाजींचं विचारत नाही, फोनवर ते ठणठणीत भांडतात.) हे फोनवरच सांगितलं असतं, पण इथं फोन लावला की सगळं घर कान देऊन बसतं, आणि ज्यांची गोष्ट आहे त्या सासूबाई सगळ्यात पुढं.

आमच्या देवघरात विभूतीच्या डबीशेजारी एक बरणी असते बघ, काळ्या मातीची. ती मठातली माती, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. सासूबाईंनी तसं कधी सांगितलं नव्हतं, नाही असंही म्हटलं नव्हतं. आमचे हे सोयाबीन घेऊन मार्केटला निघाले की तिचा टिळा लावायचे. (त्यानं भाव वाढल्याचं माझ्या पाहण्यात नाही.)

दिवाळीत नणंदेची साक्षी आली. ती लातूरला कॉलेजात मातीचाच अभ्यास करते. रानातले नमुने घेतले, आणि तुलनेला एखादी पवित्र, स्वच्छ माती असावी म्हणून या बरणीतलीही चमचाभर नेली. तपासणीत रान चांगलं निघालं आणि देवाच्या मातीत शिसं सापडलं. तेही भरपूर!

हे खवळलेच. "मठाच्या मातीला नावं ठेवतीस का?" साक्षीही हटेना. शेवटी सासूबाईच खाली मान घालून म्हणाल्या, "मठाची न्हाई ती. रस्त्याकडच्या बांधाची हाय. मी खाते."

त्या बांधाला लागून पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. सगळी घाण तिथंच ओतायचे. "दुकान उठून किती वर्षं झाली, इतके पावसाळे धुऊन गेले की," हे म्हणाले. साक्षी म्हणाली, "मामा, काळी माती शिसं घट्ट धरून ठेवते. पावसाला सोडत नाही. पण पोटातल्या आम्लात गेली की सोडते."

अक्का, खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. लग्न झाल्यापासून सासूबाईंच्या पोटातल्या कळांचं खापर माझ्या तिखटावर फुटत आलंय. आज सगळ्यांसमोर माझी भाजी निर्दोष सुटली! पण त्यांच्याकडं पाहिलं आणि तो आनंद टिकला नाही. बरणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "पहिल्या बाळंतपणापासनं खाते. पाणी शिंपडलं की वास येतो, मग राहवत न्हाई. कुणाला सांगू?" एवढ्या भरल्या घरात त्यांना देवाच्या आड लपून खावं लागलं, आणि आम्ही तीच माती कपाळाला लावत होतो.

लातूरला नेऊन रक्त तपासलं. शिसं आहेच, शिवाय अंगात लोह फार कमी. डॉक्टर म्हणाले, माती बंद, लोहाच्या गोळ्या सुरू. हाडांत जाऊन बसलेलं शिसं मात्र सावकाश निघेल. परतताना एसटीत सासूबाई हळूच म्हणाल्या, "भाजी तशी बरी करतीस तू." मी खिडकीकडं तोंड फिरवलं. रडू आलेलं त्यांना दाखवायचं नव्हतं.

यांनी त्या बांधाला काटेरी कुंपण घातलंय. टिळा आता विभूतीचाच.

दाजींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझी धाकटी,
शिवकन्या

ता.क. सासूबाईंचा निरोप आहे : तुझ्या रानातली वाटीभर माती पाठव. नुसती वासाला, म्हणतात.

ता.क. दुसरा. (हा त्यांना न दाखवता लिहिते.) माती पाठवू नको. मला दिवस गेलेत, अजून कुणाला सांगितलं नाही. काल अंगणात सडा टाकला आणि बादली हातात धरून तिथंच खिळल्यासारखी उभी राहिले. तोंडाला पाणी सुटलं होतं. तूच ये. लवकर ये.