हळदीचे सतरा फोटो

पुणे, ४ मार्च

प्रिय अमरदादास, उमाचा नमस्कार.

१. तू पाठवलेलं कॅमेऱ्याचं कार्ड सोमवारी मिळालं.
२. बिघडलेल्या कार्डातून तुझ्या लग्नाचे ३१२ फोटो मी संगणकावर परत मिळवले.
३. त्यांतले सतरा, कार्ड बिघडण्याआधीच कुणीतरी हातानं पुसले होते.

पुसलेले फोटोही असे वर येतात, हे तुला माहीत नसावं. सतराही फोटोंत अव्वा पोटच्या पोराला, म्हणजे तुला, हळद लावते आहे. बिघडलेलं कार्ड फोटो निवडून पुसत नाही, दादा. अप्पा गेलेत म्हणून तिनं हळदीला हात लावू नये, असं मांडवात पाहुणे कुजबुजत होते, ते मीही ऐकलं. पण कार्ड पाहुण्यांकडे नव्हतं, तुझ्याकडे होतं.

अव्वा फोनवर म्हणाली, "कॅमेराच बिघडला म्हनं. जाऊ दे गं, माझं तोंड बघून कुणाला काय करायचंय?" बिघाडाचं तिला तूच सांगितलंस.

मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. अव्वाचा गुडघा कसा आहे? वहिनीला मी आठवण काढली म्हणून सांग.

सगळे फोटो सोबतच्या पेनड्राइव्हवर आहेत. हे सतरा अल्बममध्ये लावणार की नाही, ते रविवार, १५ मार्चपर्यंत लिहून कळव.

तुझी बहीण,
उमा