जांभईने मारलेला बैल

तीर्थरूप रालूअक्का यांस,

ग्रीसमधून, आपल्या बेटावरच्या प्लोमारीहून धाकट्या मीर्सिनीचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा नमस्कार बसल्या जागेवरूनच पोचला असं धरून चाल.) तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि परसातलं ते लिंबाचं झाड, तिघांचीही प्रकृती बरी असेल अशी आशा करते. इथे आम्ही ठीक. लिहिते आहे माझी नात मेरोपी, सांगते आहे मी. अक्षरांशी माझं कधी जमलं नाही हे तुला ठाऊकच आहे. तू शाळेच्या बाकावर होतीस तेव्हा मी ऑलिव्हच्या झाडाखाली फळं वेचत होते. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. (मेरोपी म्हणते, टोमणाच आहे. तू लिही गं, तुला कुणी विचारलं?)

फोन का नाही केला, असं म्हणशील. केला. तू उचलत नाहीस. ईस्टरला तुझं डोकं धरलं म्हणून तू मेलबर्नहून फोन केलास, मी वाटीत पाणी घेतलं, तेलाचे थेंब सोडले, बाबांनी आपल्या दोघींना शिकवलेले शब्द म्हटले आणि जबडा निखळेपर्यंत जांभया देऊन तुझी दृष्ट काढली. डोकं उतरलं. आणि तू काय केलंस? तर ‘थँक यू, मीर्सिनी’ म्हणालीस! अगं, दृष्ट काढणाऱ्याचे आभार मानले की उतरलेली दृष्ट उलट्या पावली परत येते, हे आपल्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे. परदेशात राहून माणूस इतकं सभ्य होतं? डोकं पुन्हा ठणकलं ते तुझ्या सभ्यपणामुळे. पण तू तिकडच्या साऱ्या बायकांत सांगत सुटलीस की मीर्सिनीचं आता वय झालं, तिच्या जांभईत दम राहिला नाही. तर आता असं कर, त्याच बायकांना कॉफीला बोलाव आणि हे पत्र मोठ्याने वाच. मधले टोमणे गाळू नकोस.

आमच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी दुपारी काय चालायचं ते तुला सांगितलं होतं. मेरोपी, तिचा शाळेतला मित्र पांटेलिस आणि तो बोटीवरचा आडदांड इग्नातिस कागद-पेन्सिली पसरून बसायचे. मेरोपी गोष्ट सांगायची: नदीकाठी आलात, समोर लोखंडी बैल आहे, आता काय करता? मग ही दाढ्या फुटलेली मंडळी नाना कोनांचे फासे टाकून त्या बैलाशी लढायची. लढाई अगदी घरंदाज. एकाने मारायचं, बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं आणि तेवढ्यात माझी तळलेली भोपळ्याची फुलं फस्त करायची. कुणी जखमी झालं तर वैद्याने जवळ जाऊन अंगावर हात ठेवायचा, नाहीतर जखमीने एक झोप काढायची की सकाळी ठणठणीत. (तुझ्या गुडघ्यांना हा नियम लागू नाही, याचं वाईट वाटतं.)

मग पांटेलिसला अथेन्सला नोकरी लागली आणि इग्नातिस तेलाच्या मोठ्या जहाजावर गेला, आता कुठे अल्जीरियाच्या बाजूला असतो. टेबल ओस पडलं. मेरोपी औषधाच्या दुकानात अख्ख्या गावाला हसतमुखाने गोळ्या विकते, पण रविवार आला की त्या टेबलावरचं मेणकापड पुसत बसायची. पुसून पुसून त्याच्यावरची द्राक्षं गेली. शेवटी पांटेलिसने (तो कॉम्प्युटरला कामाला लावण्याचंच काम करतो) सगळा खेळ ऑनलाइन नेला. आपापल्या जागेवरून तिघे एकाच नदीकाठी. मेरोपीने त्या दिवशी केस विंचरले.

आणि पहिल्याच रविवारी तिघे मेले. टेबलावरचे नियम जसेच्या तसे आत घातलेले, पण कॉम्प्युटरवर पाळी कोण बघतो? सगळे एकदमच तलवारी फिरवत सुटले, आणि बैल तर त्यांच्याहून घाईत. इग्नातिस एका काठावर पडला, मेरोपी वैद्यीण होती ती दुसऱ्या काठावर. हात ठेवायला ती धावत पोचेपर्यंत तिच्यावरच हात ठेवायची वेळ आली. मग पांटेलिसने शक्कल काढली: प्रत्येकाच्या पट्ट्याला लाल औषधाच्या बाटल्या, घोट घेतला की जखम साफ. पुढच्या रविवारी कुणीच मेलं नाही आणि ते त्याहून वाईट झालं. कुणी कुणाकडे बघेचना. आपली बाटली, आपला कोपरा, आपला बैल. बस स्टँडवरची अनोळखी माणसं परवडली. इग्नातिस जहाजावरून म्हणाला, ‘एकट्यानेच प्यायचं तर आमचं इथलं कॅन्टीन काय वाईट आहे?’ पांटेलिस म्हणाला, अजून एक रविवार बघू, नाहीतर बंद करून टाकू. मेरोपी म्हणाली, ‘बरं.’ रालूअक्का, तुझं जहाज सुटताना धक्क्यावर आईने ज्या आवाजात ‘जा’ म्हटलं होतं ना, अगदी तोच आवाज. (मेरोपी हे लिहायचं नाही म्हणते. लिही.)

मग माझ्याने राहवेना, मेरोपीच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. म्हटलं, अरे, जवळ जाऊन हात कशाला लावायला हवा? मी इथून मेलबर्नला दृष्ट काढते, तुमचा तर नुसता नदीचा पलीकडचा काठ. पांटेलिस तिकडून हसायला लागला. ‘आजी, खेळात दृष्ट नसते.’ म्हटलं, ‘मग तो बैल तुमच्याकडे काय मायेने बघतो?’ आणि मी बोलत सुटले. बाटल्या नदीत टाका. वैद्यिणीने जिथे असेल तिथून जखमीला नावाने हाक मारायची आणि जांभई द्यायची, जखम मोठी तर जांभयाही जास्त. जांभई देताना डोळे मिटतात, तेव्हा बाकीच्यांनी तिच्याभोवती कडं करून उभं राहायचं, नाहीतर बैल तिलाच उडवणार. स्वतःची दृष्ट स्वतःला काढता येत नाही, तेव्हा वैद्यिणीनेही जपून राहायचं. आणि लढाईचं म्हणाल तर ऑलिव्ह झोडपताना काय करतो? काठी मारायच्या आधी ओरडायचं, मारल्यावर दम घ्यायचा, तोवर दुसऱ्याने मारायचं. सगळ्यांनी एकदम काठ्या चालवल्या तर झाडाऐवजी शेजाऱ्याचं डोकं फुटतं. आपल्या चुलत्याचं फुटलं होतंच. पांटेलिसचं हसू थांबलं. म्हणाला, ‘आणि आभाराचं?’ गुणी पोरगा, त्याची आईही प्लोमारीचीच. म्हटलं, ‘आभार मानले की जखम परत. लिहून ठेव.’

त्याने यंत्राला जांभई ऐकायला शिकवलं. मेरोपीने देऊन पाहिली, पण बाबांचे शब्द तिला येत नाहीत, जांभई पडली नाटकी, यंत्र ऐकेना. मग वैद्यीण कोण? मी! माझ्यासाठी बटणावर वाटीचं चित्र काढून दिलं. आणि गेल्या रविवारी, जेवण झाल्यावर, आपल्या बेटाच्या रक्षक देवदूताचं, ताक्सियार्हिसाचं नाव घेऊन मी नदीकाठी उतरले.

काय सांगू तुला! बैलाने इग्नातिसला शिंगावर घेतलं, मी हाक मारली, जांभई दिली, आणि कडं करायला म्हणून बाकीचे दोघे पहिल्यांदा एका जागी आले, माझ्याकडे पाठ करून. ‘आता माझी पाळी!’ ‘दम घे रे, मेल्या!’ ‘आजीकडे बघ, आजीकडे!’ असं सगळं टेबलावरचं भांडण त्या नदीकाठी सुरू झालं. इग्नातिस उठला आणि चांगल्या वळणाचा म्हणून म्हणतो कसा, ‘धन्यवाद, आजी.’ धाडकन परत आडवा! म्हटलं, ‘गाढवा, उपकार विसरायला शीक!’ दुसऱ्यांदा उठवला तेव्हा तो म्हणाला, ‘इतका वेळ लावतात होय, म्हातारे?’ आणि जखम टिकली. शेवटी बैल चवताळून आला, तिघेही रक्ताळले, मी तिघांची नावं घेतली आणि टाचेपासून एक जांभई काढली, अशी की तशी तुझ्या लग्नाच्या दिवशीही दिली नव्हती. तिघे एकदम उभे राहिले आणि बैल लोळवला! आरडाओरडा इतका की शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावत आली. आता समोरच्या चियोस बेटावरची मंडळीसुद्धा पांटेलिसकडे हे नियम मागताहेत. चियोसची! आणि मेरोपीने टेबल पुसायचं सोडलं, तीन बशा मांडते, दोन मी संपवते.

तर सांग तिकडच्या बायकांना की अल्जीरियाच्या समुद्रापर्यंत पोचते ती जांभई बिनदमाची नसते. भावोजींच्या तसबिरीपुढे माझ्या नावाने एक मेणबत्ती लाव. कळावे,

तुझी धाकटी,
मीर्सिनी

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. मरता मरता बैलाने लाथ झाडली ती मला लागली. मी पडले आहे. मेले नाही, पण रविवारपासून नदीकाठी निपचित आहे. इग्नातिसने अंगावर आपला झगा पांघरलाय. स्वतःची दृष्ट स्वतःला निघत नाही हा नियम माझाच. पांटेलिस म्हणाला, आजी, तुमच्यापुरता मोडतो. म्हटलं, खबरदार. आणि ही तिघं मला टाकून नदी ओलांडायला तयार नाहीत, म्हणजे खेळ तिथेच अडलाय. बाबांचे शब्द पुरुषाने बाईला आणि बाईने पुरुषालाच द्यायचे, तेही ईस्टरआधीच्या पवित्र शुक्रवारी, म्हणजे पांटेलिसला शिकवायचं तर वर्ष जाईल. ते शब्द येणारं जगात दुसरं एकच माणूस आहे, आणि ते फोन उचलत नाही. तुझ्या नातवाला कॉम्प्युटर लावून द्यायला सांग. पत्र पोचेल त्या रविवारी, आमच्या दुपारी.

ता. क. रालूआजी, हे मी मेरोपी लिहिते आहे, तिने सांगितलेलं नाही. ती शेवटची जांभई जांभई नव्हती. जेवण जास्त झालं होतं, आजी चक्क झोपली. यंत्राने मोजलं ते घोरणं. लाथ बसली तेही तिला जागी झाल्यावर कळलं. आम्ही बैल मारला तो हसता हसता. टेबलावरसुद्धा इतकं कधी हसलो नव्हतो. या ना.

ता. क. मी न सांगता मेरोपीचं पेन आत्ता बराच वेळ चाललं होतं, आणि तोंडावर हात होता. काय लिहिलं असेल ते खोटं आहे. मी डोळे मिटले होते, कामाच्या वेळी मिटतातच. तू रविवारी ये. आणि आधीच सांगून ठेवते अक्का, तू मला उठवलंस तर माझ्या तोंडून आभाराचा शब्द ऐकायला मिळणार नाही.