पुंजारामच्या शब्दावर सुटका

बोईसर, जून १९९५

अम्मा,

तुला आणि घरच्या सगळ्यांना सलाम. मी खुशाल आहे, कारखान्याचं काम चालू आहे. तुझा गुडघा कसा आहे? बाणकोटला तरी सगळं शांत आहे ना?

सरकार बदलल्यापासून इथं बांगलादेशी शोधणं चाललंय. परवा सकाळी बाजारात हवालदारानं नाव विचारलं. लतीफ म्हणताच मला चौकीत नेलं. साहेब हिंदीत विचारत होते, मी मराठीत उत्तरं देत होतो. शेवटी ते म्हणाले, "मराठी छान बोलतोस. कुठं शिकलास?"

मी म्हटलं, "आईकडं."

ते हसले. दिवसभर मला बाकावर बसवून ठेवलं.

मी कामावर दिसलो नाही म्हणून संध्याकाळी पुंजाराम शोधत आला. तो बीडचा, यंदाच कामाला लागलाय. मशीन त्याला मीच शिकवलं. तो म्हणाला, "साहेब, हा आपला माणूस आहे." लगेच सोडलं. त्याला कुणी गावसुद्धा विचारलं नाही. मला इथं अकरा वर्षं झाली, अम्मा!

तू घाबरू नकोस. फक्त माझा शाळेचा दाखला पाठव. आणि खैरुनला म्हणावं, आपल्या मुलांना घेऊन इतक्यात इकडं येऊ नको.

चौकीतून बाहेर आल्यावर पुंजारामनं चहा मागवला. "जाऊ दे रे," म्हणाला. मी कप तसाच ठेवून उठलो. त्याची काहीच चूक नव्हती. पण राग काढायला माझ्यासमोर तो एकटाच होता.

दुआ कर.

तुझा लतीफ