ओळखा पाहू आणि आमचे साडू

३ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. काही माणसांच्या आयुष्याची नोंद राहायला हवी.
आमचा व्हॉट्सॲप ग्रुप, ‘ओळखा पाहू’. टीव्ही रिपेअरवाले रोज सकाळी नऊला एका जुन्या व्हिडिओ गेमचा स्क्रीनशॉट टाकतात. जो पहिला नाव ओळखेल, त्या दिवसाचा मान त्याचा. म्हणजे बहुतेक माझाच. ग्रुपवर मला उस्ताद म्हणतात. (सुरुवात मी केली होती, पण आता इतरही म्हणतात.)
आज साडूंना ग्रुपमध्ये घेतलं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. दवाखाना मोठा, गाडी मोठी, डोक्यावरचे केसही अजून सगळे. एका तरी बाबतीत आपण किती पाण्यात आहोत, हे कळू दे त्यांना.

४ मार्च, सोमवार, सकाळी ९.१०
हिरवी भिंत, कोपऱ्यात शिडी. मी चष्मा पुसेपर्यंत साडूंचं उत्तर. बरोबर. नवशिक्याचं नशीब. मोठ्या मनाने अभिनंदन केलं.

८ मार्च, शुक्रवार
आठवडाभर साडूच. काल नुसतं आकाश होतं, त्यात अर्धा ढग. या माणसाने ढगावरून गेम ओळखला! समोर पेशंट आ वासून बसलेला असताना हे फोन बघतात कसे? समाजाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. बायकोला तसं म्हटलं. ती म्हणाली, तुम्हीही ऑफिसात तेच करता. मी बिस्किटांच्या पुड्यांची डिझाइन्स करतो. पुडा आ वासत नाही.

९ मार्च, शनिवार
विचारांती निष्कर्ष: फोटो इंटरनेटवर टाकून शोधतात. मला जळफळाट वगैरे नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. रिपेअरवाल्यांना सुचवलं, उद्या सगळे प्रत्यक्ष भेटू. फोन जमा, स्क्रीनशॉट टीव्हीवर. लगेच तयार झाले. उद्या पितळ उघडं पडणार. नवा शर्ट इस्त्रीला दिला.

१० मार्च, रविवार
रिपेअरवाल्यांच्या दुकानाची मागची खोली. पोट उघडलेले टीव्ही, वायरींची भेंडोळी, मधे खुर्च्या. मी, साडू, रिपेअरवाले, औषधांच्या दुकानाचे मालक आणि शाळेतल्या गणिताच्या बाई.
निकाल लिहावासा वाटत नाही. मला दोन आले. त्यातलं एक मी खोकलो, तेच उत्तर धरलं.
बाईंनी साडूंना विचारलं, तुम्हाला एवढं कसं आठवतं? ते म्हणाले, आमच्या घरी गेमचं मशीन नव्हतं. गेम पार्लरमध्ये मुलांच्या मागे उभा राहायचो. खेळणाऱ्याला फक्त आपला हिरो दिसतो, मागच्याला भिंती, झाडं, ढग सगळं दिसतं.
बाईंचे डोळे भरून आले. औषधवाल्यांनी चहाबरोबर आलेला आपला केक साडूंना दिला. मग मीही माझं बालपण सांगितलं: घरी स्वतःचं मशीन होतं आणि मी कुणाला हात लावू दिला नाही. कुणाचेच डोळे भरले नाहीत. केकही संपला होता.

१३ मार्च, बुधवार
झोपेतून उठताच कल्पना सुचली. जो गेम अस्तित्वातच नाही, त्याचा स्क्रीनशॉट टाकायचा! साडू घाईघाईत काहीतरी ठोकून देणार आणि मी चारचौघांसमोर त्यांना उघडं पाडणार.
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसलो. जंगल, जांभळं झाड, छत्री धरलेला बेडूक. बेडूक फार देखणा झालाय. बिस्किटांचं काम उद्या.

१५ मार्च, शुक्रवार
आज स्क्रीनशॉट टाकायची पाळी रिपेअरवाल्यांकडून मागून घेतली. नऊला बेडूक टाकला. सगळे गप्प. साडूही.
मग साडूंचा फोन. हळू आवाजात म्हणाले, भाऊ, हे चित्र तुम्ही काढलंय ना? जुन्या मशीनवर एवढे हिरवे रंग येत नाहीत. मी कुणाला बोललो नाही. हरलो म्हणू का?
मी म्हटलं, म्हणा.
दोन मिनिटांत ग्रुपवर आलं: हरलो. उस्ताद ते उस्ताद.
विजय! येताना जिलबी आणावी का, असा विचार आला. मधुमेह आठवला.

१६ मार्च, शनिवार
औषधवाल्यांनी ग्रुपवर लिहिलं, हा बेडूक मी लहानपणी खेळलोय! दुसऱ्या लेव्हलला मगर येते. मी लिहिलं, बरोबर. बाईंना पूल तुटलेला आठवला. तेही बरोबर म्हटलं, माणसाचं मन कशाला मोडा.
रिपेअरवाले म्हणाले, उद्या त्या गेमची कॅसेट घेऊन या, सगळे खेळू.
उद्या तब्येत बिघडवायची आहे.

१७ मार्च, रविवार
तब्येत बिघडली होती, पण रिपेअरवाले स्कूटर घेऊन दारातच आले. बायकोने त्यांना सांगितलं, काही झालेलं नाही यांना.
मशीन जोडून तयार. औषधवाले जॉयस्टिक हातात घेऊन पुढे सरकून बसलेले. मी पिशवी उघडली, चाचपली, पुन्हा चाचपली. सगळे पिशवीकडे बघत होते.
तेवढ्यात साडू उभे राहिले. म्हणाले, चूक माझी. काल भाऊंकडून कॅसेट बघायला घेतली, माझ्याच गाडीच्या चाकाखाली आली.
औषधवाल्यांनी जॉयस्टिक खाली ठेवली. बाई म्हणाल्या, अहो, एवढी दुर्मिळ वस्तू! मग मीही दोन शब्द सुनावले. दुसऱ्याची वस्तू जपून हाताळायला नको का? बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. साडू मान खाली घालून हो भाऊ, हो भाऊ करत राहिले.
परतताना त्यांच्याच गाडीतून आलो. मी उतरताना ते म्हणाले, बेडूक खरंच छान काढलाय. असा गेम असता तर खेळलो असतो.
टोमणा असावा. पण टोमण्यासारखा वाटला नाही.

१८ मार्च, सोमवार
बायकोला तिच्या बहिणीचा फोन. बराच वेळ नुसतं हं, हं. मग माझ्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः बाल्कनीत जाऊन जेवली.

१९ मार्च, मंगळवार, सकाळी ९.२५
लाल पायऱ्या, एक दिवा. मला काही आठवेना. साडू ऑनलाइन दिसत होते, पण उत्तर देत नव्हते. रिपेअरवाल्यांनी लिहिलं, उस्तादांची वाट बघतोय.
मग साडूंचा मेसेज, फक्त मला. गेमचं नाव. पुढे मागे काही नाही.
स्वाभिमानाचा प्रश्न होता. फोन पालथा ठेवला. चहा घेतला. फोन सुलटा केला तर गणिताच्या बाई काहीतरी टाइप करताना दिसल्या.
टाकलं.
बरोबर. सगळ्यांचे अंगठे आले. पहिला साडूंचा.